धाकट्याचा पगार

धाकटा भाऊ इंग्लंडला असतो. बायकोला तिकडे न्यायचं, तर त्याचा पगार सरकारनं ठरवलेल्या रकमेच्या वर हवा होता, आणि तो थोडा कमी पडत होता. आईनं फोनवर सुचवलं, "आपला गंगाखेडचा सामाईक ऊस दाखव की."

"आई, ऊस चालत न्हाई. माझाच पगार लागतोय."

मी हळहळलो, पण आतून सुखावलो. त्याच्या प्रत्येक गोष्टीचा मला हेवा वाटे. ही एक तरी अडली होती.

"तुमी लय खूश दिसायलाव," बायको म्हणाली.

पुढे रविवारीही काम करून त्यानं रक्कम गाठली. भावजय निघाली, तेव्हा ओटीचा नारळ आणायला मी उठलो नाही. शेवटी आईच गुडघे धरत दुकानात गेली.