माझ्या मुलीसाठी साखळी प्रार्थना

आमच्या चर्चच्या मंडळीत कोणाची निंदा होत नाही. निंदा हे पाप आहे, हे आम्हा सगळ्या बायांना तोंडपाठ आहे. त्यामुळे कोणाबद्दल बोलायचंच असेल, पोटात मावतच नसेल, तर आम्ही त्या माणसासाठी प्रार्थना करतो. ‘एका बहिणीचा विषय आहे,’ असं म्हणून आवाज जरा खाली आणायचा आणि मग तिच्या चुलीपासून खाटेपर्यंत सगळं देवापुढं मांडायचं. देवाला जणू कोणीतरी सांगितल्याशिवाय कळतच नाही. मी या गोष्टीवर वर्षानुवर्षं हसत आले. नवऱ्याला सांगायची, “आमच्या इथी चुगली गुडघ्यावर बसून करतेत.” तोही हसायचा. तो धानाची शेती करतो, मारुतीच्या देवळात जातो आणि माझ्या उपासनेच्या आड येत नाही. हसण्यावारी नेलेली ही गोष्ट एक दिवस माझ्याच घरावर येईल, असं मला कधी वाटलं नाही.

आमचं गाव मोहर्लीच्या अलीकडे. मी घरी शिवणकाम करते, आणि मुलगी वाघांच्या जंगलाच्या मोहर्ली गेटवर गाईड आहे. पहाटे खाकी कपडे घालून स्कूटीवर निघते, पर्यटकांना वाघ दाखवते, आणि वाघ दिसला नाही तर त्यांची बोलणी खाते, जणू वाघ हिनंच लपवून ठेवला. लहानपणापासून ती माझ्यासोबत उपासनेला यायची. पण बाप्तिस्म्याचं नाव काढलं की म्हणायची, “मी माणसं पाहून ठरवीन, आई.” मी चिडायची. माणसं काय पाहायची, प्रभूला पाहा ना! पण ती बापावर गेली आहे, ठोकून-बजावून घेतल्याशिवाय मडकंसुद्धा घरात आणत नाही.

मग एका पावसाळ्यात मला डेंग्यू झाला. मंडळीतल्या बाया आळीपाळीनं दवाखान्यात माझ्या उशाशी बसल्या. माझी जिवाभावाची मैत्रीण तर रोज माझ्या घरी जाऊन चूल पेटवायची आणि नवऱ्याला, मुलीला जेवू घालून मग स्वतःच्या घरी रांधायची. हे मुलीनं डोळ्यांनी पाहिलं. थंडी सरताना तिनं आपणहून पाळकांना सांगितलं की मला बाप्तिस्मा घ्यायचा आहे. रविवारही ठरला. आमचे ढिवर शेजारी जिथं जाळी टाकतात, त्याच गावतलावाच्या पाण्यात उतरून बाप्तिस्मा घ्यायचा होता. तिचा पांढरा ड्रेस मीच शिवला. तिला नोकरी लागली तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

त्या रविवारच्या आधीचा गुरुवार. ती ज्याच्या जिप्सीवर नेहमी जाते, त्या ड्रायव्हरच्या बायकोला सातवा महिना चालू होता. सकाळच्या फेरीहून परत येतात तोच घरून बायकोला रक्तस्राव सुरू झाल्याचा निरोप आला. घरात दुसरी बाईमाणूस नाही. माझी मुलगी तिला घेऊन मागे बसली, डोकं मांडीवर घेतलं, आणि ड्रायव्हरनं गाडी चंद्रपूरला पळवली. बाळ वाचलं नाही. बाई वाचली, पण तिला आणखी रक्त लागणार होतं. मुलगी सांजेला घरी आली तेव्हा तिच्या कुर्त्यावर वाळलेले डाग होते. तिनं तो कुर्ता स्वतः धुतला आणि न जेवता झोपली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, म्हणजे आमच्या बायांच्या प्रार्थनेचा दिवस. ती म्हणाली, “आई, आज तिचा विषय दे. आन् मंडळीतलं कोणी रक्त देते का, तेबी विचार.” तिनंच मला स्कूटीवर पाळकांच्या घरी सोडलं. तेवढ्यात ड्रायव्हरचा फोन आला म्हणून ती बाहेर कडुनिंबाखाली थांबली. मी एकटीच आत गेले. उशीर झाला होता, प्रार्थना सुरू झाली होती.

आमच्याकडं शुक्रवारी साखळी प्रार्थना असते. सगळ्या बाया चटईवर गोल बसतात, डोळे मिटून एकमेकींचे हात धरतात. एकीची प्रार्थना झाली की तिनं शेजारणीचा हात दाबायचा, म्हणजे पाळी पुढे गेली. उशिरा येणारीनं गुपचूप दोघींच्या मध्ये बसून त्यांच्या हातात आपले हात द्यायचे. कोणी डोळे उघडत नाही. आणि एक गंमत अशी की डोळे मिटले की आमच्या बायांची भाषाच पालटते. नळावर ‘मले-तुले’ करणाऱ्या बाया प्रभूपुढं अशा बोलतात, जशी रेडिओवर बातम्या देणारी.

मी पडवीत चपला काढत होते तेव्हा किराणा दुकानवाल्या बाईचा आवाज आला. ती आदल्या दिवशी डोळे तपासायला चंद्रपूरला गेली होती.

“हे स्वर्गीय पित्या, त्या लेकराला मी काल बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेर बसलेली पाहिली. तिच्या कपड्यांवर रक्त होतं, प्रभू. ती रडत होती.”

मला बरं वाटलं. म्हटलं, चला, बातमी पोचली वाटतं. आता सांगायला नको.

“आणि तो गाडीवाला तिच्याजवळ बसला होता, प्रभू. तिला या संगतीतून सोडव.”

“आमेन,” सगळ्या म्हणाल्या. हात दाबला गेला.

दुसरी म्हणाली, “प्रभू, ती रोज परक्या पुरुषांसोबत रानात जाते. आईबापानं मोकळी सोडली. तिला माघारी आण.”

“हो प्रभू. आमेन.”

माझा एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर. तिसरीनं तर हुंदका दिला. “प्रभू, जो जीव पोटातच मारला गेला, त्याचं रक्त तिच्या माथी मारू नको.”

माझ्या कानशिलात कोणीतरी ठेवून दिल्यासारखं झालं. पोटातला जीव? कोणाच्या पोटातला? आदल्या दिवशी एका बाईनं एक पोरगी बाकावर रडताना पाहिली होती, बस, एवढंच. तेवढ्यातून तीन हात फिरेपर्यंत माझ्या मुलीचं पोट आलं आणि पडलंही. खोटं बोलतेय असं त्यातल्या एकीलाही वाटत नव्हतं. डोळ्यांतून खरं पाणी येत होतं त्यांच्या. त्याचाच मला सगळ्यात जास्त धक्का बसला.

मी उपासनेला जाऊ लागले तेव्हा गावानं मला कमी छळलं नाही. हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालं, हातपंपावर जावेनं चारचौघींत माझा उद्धार केला. पण ते तोंडावर होतं. मीही दोन शब्द ऐकवले, आणि वर्ष फिरायच्या आत आम्ही पुन्हा एका बांधावर बसून भाकर खाल्ली. इथं मला उत्तरच देता येत नव्हतं. प्रार्थनेला कोण उलट उत्तर देणार?

आता पाळकीणबाईची पाळी होती. “प्रभू, येत्या रविवारी ती त्या पाण्यात उतरणार आहे. तुझ्या पवित्र पाण्याला डाग लागू देऊ नको. तूच तिला थांबव.”

मग मला कळलं की हे नुसतं बोलणं नाही. माझ्या मुलीचा रविवार हातून चालला होता.

कशी कोण जाणे, मी आत गेले आणि पहिली जी फट दिसली तिथं बसले. डावीकडं माझी मैत्रीण होती. डोळे मिटलेलेच ठेवून तिनं माझा हात घेतला. शिवून शिवून माझ्या बोटाला घट्टे पडलेत, तिनं तो हात हजारदा धरलेला आहे. पण तिनं ओळखला नाही. तिची पाळी आली. मला वाटलं, ही तरी म्हणेल की बायांनो, जरा दमानं घ्या. माझ्या मुलीला हिनं अंगाखांद्यावर खेळवलं आहे.

ती म्हणाली, “प्रभू, ते आमचंच लेकरू आहे. तिच्या पापाची तिला क्षमा कर. तिच्या आईला यातलं काही ठाऊक नाही, तिला हे सोसायचं बळ दे. येशूच्या नावानं मागते.”

“आमेन,” असं सगळीकडून झालं, आणि तिनं माझा हात मायेनं दाबला. पाळी माझी होती.

माझ्या तोंडून रेडिओची भाषा काही निघाली नाही.

“प्रभू, मी बोलून राह्यली. त्या पोरीची माय.” दोन्हीकडचे हात एकदम सुटले. “काल मही पोरगी ड्रायव्हरच्या बायकोले घेऊन दवाखान्यात गेल्ती. तिचं लेकरू गेलं. रक्त तिचं होतं. तुले तं हे ठाऊकच हाये. या बायाइले ठाऊक नाई, म्हणून सांगून राह्यली.”

डोळे उघडून पाहिलं तर सगळ्यांचे डोळे उघडे. पंखा तेवढा फिरत होता. मैत्रीण माझ्याकडं अशी पाहत होती जशी मी मेलेली उठून बसले. दुकानवाली बाई पदर सारखा करत म्हणाली, “मी तं जे पायलं तेच सांगतलं बाई.”

“डोळे तपासाले गेल्ती ना तुमी? मंग परत एकडाव जा.”

पाळकीणबाई जवळ सरकली. “राग नको करू. आमी तं प्रेमानंच मांगून राह्यलो होतो. कोणाचं वाईट मांगतलं का आमी?”

“नाई बाई. वाईट तं कोणीच नाई मांगतलं,” मी म्हटलं. “पण एक जण तं मले विचारती! घर का दूर हाये महं?”

मैत्रीण रडायला लागली. “तुले सांगाचंच होतं. हिंमत नाई झाली.”

“देवाले सांगाची हिंमत झाली, आन् मले सांगाची नाई?”

मागच्याच रविवारी पाळकांनी जिभेवर उपदेश केला होता. एका काडीनं सगळं रान पेटतं, म्हणाले होते. आमच्याकडं उन्हाळ्यात वणवा कसा लागतो ते पोरांनाही ठाऊक आहे, त्यामुळे सगळ्यांनी माना डोलवल्या. प्रत्येकीनं तो उपदेश शेजारणीसाठी ऐकला होता, एवढंच. मी हेही त्यांना ऐकवलं. अजून बरंच ऐकवलं. माझं तोंड एकदा सुटलं की आवरत नाही. शेवटी म्हटलं, “तिले रक्त पायजे. दवाखान्यात कोण येते?” कोणी वर पाहिलं नाही. एकीनं शुगर असल्याचं सांगितलं, दुसरी म्हणाली घरी विचारते. मी उठले आणि चपला घातल्या.

बाहेर आले तेव्हा छाती फुगलेली होती. लेकीसाठी भांडून आले होते, एकीलाही सोडलं नव्हतं. मुलगी कडुनिंबाखाली स्कूटीवर बसली होती. तिच्या डोक्यावरच पाळकांच्या घराची खिडकी, सताड उघडी.

“आयकलं तू?” मी विचारलं.

“हाव. पयलेपासून.”

“मंग? काढली का नाई एकेकीची खरडपट्टी?”

तिनं मान डोलवली. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती किल्ली बोटात फिरवत होती.

“आई, मावशीनं मह्या पापाची माफी मांगतली, तवा तू आमेन म्हटली.”

“मी? मी काऊन म्हणीन बाप्पा? सगळ्या म्हणून राह्यल्या होत्या.”

“सगळ्याइच्यात तुहा आवाज मले वेगळा येते.”

 तिनं स्कूटी चालू केली. मी मागं बसले. गावाबाहेर तलावाच्या पाळीवर आल्यावर तिनं मान न वळवता विचारलं, “रविवारी मी नाई येत. पास्टरले तू सांगशील का मी सांगू?”

 मला चटईवरच्या त्या क्षणाचं सगळं आठवतं. पंखा आठवतो, मैत्रिणीचा गरम हात आठवतो, तिनं तो कसा दाबला तेही आठवतं. मी आमेन म्हटल्याचं मात्र आठवत नाही. त्या दिवशीही आठवलं नाही आणि आजही आठवत नाही. पण माझी मुलगी खोटं बोलत नाही.