दिग्रसची आतषबाजी

दसऱ्याला फटाक्यांचा जळका वास आला, की मला दिग्रसचं बसस्टँड आठवतं. सलीमकाका म्हणजे बाबांचे मित्र. त्यांच्या कुटुंबासोबत आम्ही आतषबाजी पाहायला गेलो होतो. आई ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती. उतरताच बाबा तिला म्हणाले, "तू इथंच बस. गाडी लागली का सीटा धरजो." ती बाकावर बसली.

मैदानात चार बाण उडाले. बाकी सगळे फटाके ओले निघाले, नुसता धूर झाला. परतल्यावर आईनं विचारलं, "कसं होतं वं?"

"लय मस्त. तू याले पायजे होतं," मी तोऱ्यात म्हटलं.

तिनं मान वळवली. पुढच्या वर्षी तिला नेऊ, असं कुणीच म्हटलं नाही. मीही नाही.