बाबा, तूप आणि उत्तर ध्रुव

माझे बाबा सोलापूरचे. हे आधी सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचा तमाशा कळायचा नाही. मे महिन्यात भर दुपारी, डोक्यावरचे पत्रे तापलेले असताना, हा माणूस वाफाळता चहा बशीत ओतून पितो आणि आज जरा बरंय म्हणतो. थंडी त्यांनी आयुष्यात फक्त माठातल्या पाण्यात पाहिलेली.

आई गेल्यावर मी त्यांना मेलबर्नला घेऊन आले. तेव्हा इथे उन्हाळा होता. ग्लेन वेव्हर्लीतलं आमचं घर त्यांना आवडलं, मागचं अंगण आवडलं, नातीशी पत्ते कुटणं तर फारच. मला ते कायमचेच इथे हवे होते. मी एकुलती एक, आणि सोलापुरात आता त्यांना जेवलात का असं विचारणारं कोणी उरलं नव्हतं. पण विषय काढला की ते म्हणायचे, एक हिवाळा काढून बघू, जमलं तर राहू. तेवढ्यात कोरोना आला, विमानं बंद झाली आणि हिवाळा काढण्यावाचून इलाजच राहिला नाही.

परीक्षा त्यांची आणि धाकधूक मला. मी हीटर असा पेटवला की नवरा भर जूनच्या थंडीत बनियनवर मीटिंगा करायला लागला, कॅमेरा बंद ठेवून. त्यावर त्याने काही टोमणे मारले, ते मी कानाआड केले. एवढं करूनही बाबा आपले दोन स्वेटर, माकडटोपी आणि वरून सोलापुरी चादर अशा थाटात सोफ्यावर बसलेले. नुसते डोळे दिसायचे. पार्सलवाला त्यांना काचेतून बघून दचकला आणि पार्सल दाराशी ठेवल्याचा फोटो न काढताच पळाला.

अशात लेकीला शाळेचा प्रोजेक्ट आला. शाळा म्हणजे डायनिंग टेबलावरचा लॅपटॉप. माणसाचं शरीर हवामानाशी कसं जुळवून घेतं, असा विषय होता आणि तिने उत्तर ध्रुवाजवळचे लोक निवडले. जेवताना तिने सगळं वाचून दाखवलं, अर्थातच इंग्रजीत, आणि मी बाबांसाठी मराठी करत गेले. ग्रीनलंडच्या बर्फात पिढ्यान्‌पिढ्या काढलेल्या इन्युइट लोकांच्या जनुकांतच बदल झालेत म्हणे. सील, व्हेल, मासे असं चरबीचं खाणं त्यांच्या शरीराला आपल्यापेक्षा चांगलं मानवतं. आपल्या अंगात ऊब तयार करणारी एक वेगळी चरबी असते, तिच्याशीही त्यांच्या काही जनुकांचा संबंध असावा. सायबेरियातल्या काही जमातींचं शरीर तर नुसतं बसल्या जागीही जास्त उष्णता तयार करतं. बाबा हातात घास धरून ऐकत होते. व्हेल सोडलं तर त्यांना सगळं पटलं.

दुसऱ्या दिवसापासून व्हेलच्या जागी तूप आलं. डँडेनॉन्गचं आपलं भारतीय किराणा दुकान लॉकडाउनच्या पाच किलोमीटरच्या हद्दीबाहेर, म्हणून बाबांनी सुपरमार्केटचं क्रीम आणायला लावलं आणि केकच्या मिक्सरमध्ये स्वतः लोणी काढलं. स्वयंपाकघराच्या टाइल्सवर, पडद्यांवर, नवऱ्याच्या ऑफिसच्या हेडफोनवर लोण्याचे शिंतोडे. मग भातावर तूप, पोळीवर तूप, चहात तूप. कोलेस्टेरॉलचं नाव काढलं, तर त्या इन्युइटांना विचार म्हणाले. आता मी काय कपाळ विचारणार?

तुपानंतर त्यांनी खोलीतला हीटर बंद केला. मग एका सकाळी बघते तो बाबा बंडी आणि लुंगीवर, गारठून पांढऱ्या पडलेल्या गवतात अनवाणी फेऱ्या मारतायत. दातांचा कडकडाट मला काचेआड ऐकू आला. कुंपणापलीकडे आमचा शेजारी शॉर्ट्स आणि रबरी चपला घालून कॉफी पीत निवांत उभा होता. तुझे डॅड ठीक आहेत ना, असं त्याने मला डोळ्यांनीच विचारलं. मी नो वरीज म्हटलं, पण कसलं नो वरीज. बाबांना मात्र त्या शेजाऱ्याच्या उघड्या पोटऱ्यांत भारी रस. याच्यात ती जनुकं असणारच, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मग त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याचं मूळ गाव विचारलं. आजोबा माल्टाहून आले होते, असं तो म्हणाला. बाबांनी नातीकडून नकाशात माल्टा शोधून घेतलं. चांगलं उन्हातलं बेट निघालं. नातवापर्यंत माल्टाचा माणूस एवढा सुधारतो, तर सोलापूरनं काय घोडं मारलंय, असं म्हणून त्यांनी फेऱ्या वाढवल्या.

व्हायचं तेच झालं. बाबा शिंकायला लागले. आम्ही सगळे मास्क लावून गाडीत, टेस्टच्या रांगेत. नाकात काडी गेली तेव्हा बाबांनी त्या नर्सला सोलापुरी भाषेत असं काही ऐकवलं की मी भाषांतर करायचं नाकारलं. रिपोर्ट निगेटिव्ह आला. जीव भांड्यात पडला, पण माझं डोकं फिरलं ते फिरलंच. मला वाटलं, हे घरी जायचा हट्ट आहे. तोंडाने सांगत नाहीत, म्हणून असं आजारपण ओढवून घेतायत. तेव्हा अडकलेल्या लोकांना भारतात नेणारी विमानं सुटायला लागली होती. मी डोळे पुसले आणि तणतणत मागे गेले.

बाबा अंगणात खुर्चीवर बसले होते. पाय गार पाण्याच्या बादलीत, ओठ जांभळे.

"पुरे झालं, बाबा," मी म्हटलं. "विमान निघतंय. मी तुमचं नाव देते. तुम्हाला जायचंय, कळतंय मला."

ते गोंधळले. "मी कुठं जातो म्हणालो? हिवाळा काढला तर राहायचं, असं ठरलंय की आपलं. तोच काढतोय." मग बादलीतल्या पायांकडे बघत म्हणाले, "तिकडं जाऊन काय करू? कुलूप मीच उघडायचं. आणि आत जाऊन ‘आलो गं’ म्हणायचं कुणाला?"

मला रडूच फुटलं. मी तिथेच ओल्या गवतात बसले आणि टॉवेलने त्यांचे पाय खसाखसा पुसायला लागले. राहा ना मग, मी हीटर लावीन, हवं तर अख्खं घर पेटवीन, असं काय काय बरळत होते. रडणं ऐकून लेक बाहेर आली. तिला सगळा प्रकार क्षणात कळला आणि प्रोजेक्ट आपलाच, म्हणून जबाबदारीही वाटली असणार. आजोबांच्या खांद्यावर हात ठेवून ती फार हळुवारपणे म्हणाली, "आजोबा, इट डझन्ट वर्क लाइक दॅट. इट टेक्स थाउजंड्स ऑफ इयर्स."

मी मराठी करायला तोंड उघडलं, पण त्यांना कळलं होतं.

"तेवढा वेळ कुठाय माझ्याकडं," बाबा म्हणाले. "म्हणून तर तूप जास्त घेतोय."