हिंदुरावांचा पाव

हिंदुराव तीस वर्षं आनंदनगर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात भट्टीवर होते. गिअर लालबुंद तापवायचे आणि तेलात बुडवून कडक करायचे, हे त्यांचं काम. नुसत्या रंगावरून तापमान सांगत आणि सहसा चुकत नसत. निवृत्त झाल्यावर मात्र बदलापूरच्या दोन खोल्यांत येरझाऱ्या घालण्यापलीकडे काही उरलं नाही.

एकदा माळा आवरताना मुलीच्या, अक्षदाच्या लग्नात आहेर आलेला छोटा ओव्हन सापडला. खोकंसुद्धा फोडलेलं नव्हतं.

"देऊन टाका कुणाला तरी," बायको जनाबाई म्हणाल्या.

हिंदुरावांनी तो पुसून ओट्यावर मांडला आणि मोबाइलवर बघत बघत पाव केला. निघाली वीट. पण भाजताना घरभर जो वास सुटला, त्यानं त्यांना धरलं ते धरलंच. जन्मात चहापलीकडे काही न केलेला माणूस रोज सकाळी उठून मैदा मळू लागला. आणि रोज चिडू लागला. पाव वरून पांढराफटक, आत गिच्च गोळा. शेवटी त्यांनी तापमापक आणून आत ठेवला. बटण दोनशेवर, आत जेमतेम एकशेसाठ!

"धडधडीत खोटं बोलतंय हे डबडं! मला फसवतंय? मला?"

"हळू बोला, शेजारी ऐकतात. आणि माझा ओटा मोकळा करा आधी."

मग अक्षदा, जावई उन्मेष आणि विहीणबाई पावभाजीला येणार असं ठरलं. "बाहेरचा पाव घरात येणार नाही," हिंदुरावांनी बजावलं. त्या दिवशी पीठ कधी नव्हे इतकं छान फुगलं. ताटली ओव्हनमध्ये सरकवली आणि दहा मिनिटांत वीज गेली. तासभर ते ओव्हनसमोर स्टुलावर बसून राहिले. पाव डोळ्यांदेखत खाली बसले. जनाबाई पिशवी घेऊन बेकरीत गेल्या.

"अहो, ह्या वयात कशाला हा व्याप? खाली ताजा मिळतो की," विहीणबाई जेवताना म्हणाल्या. सगळे हसले. हिंदुरावही हसले, पण त्यांनी ताटातला पाव बाजूला सारला.

निघताना अक्षदा म्हणाली, "बाबा, त्यापेक्षा केक करा ना. लोक आवडीनं खातील."

"मला केक नाही करायचा. पाव करायचाय."

"पण का?"

तीस वर्षं त्यांनी तापवलेला माल खोक्यांत भरून निघून जायचा. कुठल्या गाडीला लागला, चालला की मोडला, कधी कळलंच नाही. हे पोरीला कसं सांगायचं?

चार दिवस ओव्हन बंद होता. पाचव्या दिवशी त्यांनी बटण दोनशेचाळीसवर नेलं आणि तापमापकाच्या काट्याकडे डोळे लावून बसले. पाव बाहेर आला. सोनेरी, हलका, आतून जाळीदार. छाती फुगवून त्यांनी जनाबाईंपुढे तुकडा धरला.

जनाबाईंनी तो चहात बुडवला, सावकाश चावला. "झालाय चांगला. पण मीठ कुठाय?"

हिंदुरावांनी तुकडा तोंडात टाकला. मीठ विसरलेच होते. कपाळावर हात मारून त्यांनी स्वतःला दोन कचकचीत शिव्या हासडल्या. जनाबाईंनी मात्र आणखी एक तुकडा मोडून कपात बुडवला.

"संपव तो सगळा," हिंदुराव फणकारले आणि मैद्याचा डबा काढायला उठले.