सुतकातली भरमार

आमच्या घरी ठासणीची बंदूक होती. आमच्याकडे तिला भरमार म्हणतात. तोंडाकडून दारू भरायची, गजानं ठासायची, मागं ठिणगी पाडणारी टोपी बसवायची. नवरा ती रानडुकरांवर चालवायचा आणि धुवायचे मी. कळंबच्या अलीकडं, जंगलाला लागून आमचं शेत. बंदुकीशिवाय जवारी हाती लागत नसे.

धुणं अवघड नव्हतं, पण त्याच दिवशी करावं लागे. दारूची काजळी नळीत राहिली की ओल धरते आणि लोखंड खाते. म्हणून तो शेतातून आला की मी एका चुलीवर चहा ठेवायचे, दुसरीवर पाणी. उकळतं पाणी नळीत ओतायचं, गजाला चिंधी गुंडाळून वरखाली करायची, काळं पाणी जाऊन स्वच्छ येईपर्यंत. टोपीखालचं छिद्र काडीनं मोकळं करायचं. नळी तापलेली असते, आपोआप सुकते. मग तिळाच्या तेलाची चिंधी फिरवायची. जवसाचं तेल चालत नाही, ते पुढं चिकट होतं.

सन साठच्या आगेमागे असेल. पाऊस उतरतीला होता, जवारीला कणसं धरत होती. नवरा सकाळी बार काढून घरी आला, बंदूक कोपऱ्यात टेकवली आणि म्हणाला, पायाला काहीतरी चावलं. दुपारी तो गेला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. बाया रडत होत्या, मी बसून होते. समोर कोपऱ्यात न धुतलेली बंदूक होती, तेवढंच दिसायचं. बाकी काय वाटत होतं ते मला तेव्हाही कळलं नाही, आताही सांगता येत नाही.

आमच्या घरात सुतकात तेलाला हात लावत नसत. डोक्याला नाही, फोडणीला नाही. मी सासूला तेल मागितलं.

"कुंकू पुसलं नाही तं तेल मांगून राह्यली?"

"डोक्याले नाही, आत्याबाई. नळीले."

तिनं कोपऱ्यातल्या बंदुकीकडं पाहिलं. मग म्हणाली, "माह्या पोराचा हात लागला हाय तिले. सुतक फिटल्याबिगर कोणी शिवाचं नाही."

बसायला आलेली एक बाई दुसरीला म्हणाली, नवरा गेला अन् हिले बंदुकीची पडली. ते खरंच होतं. बाहेर झड लागली होती, भिंतीलासुद्धा ओल आली होती.

सुतक फिटलं तसं मी पाणी उकळलं. नळीतून तांबडं पाणी आलं. पुन्हा ओतलं, पुन्हा तांबडंच. दारू बसते त्या जागी चिंधी अडकायची, तिचे धागे तुटून आत राहायचे. लोखंडाला खड्डे पडले होते. वरून तेल लावलं तर बंदूक पहिल्यासारखी दिसत होती.

परवाना नवऱ्याच्या नावावर होता, त्यामुळे बंदूक थाण्यात जमा करायची होती. पण डुकरं रोज येत होती. धाकटा दीर म्हणाला, जवारी घरी येऊ द्या, मग नेऊन देतो. मी त्याला नळीचं सांगितलं. तो हसला.

"तुमी नळी पाहत बसा, वहिनी. मी डुकरं पाह्यतो."

"पहिला बार झाडाले बांधून काढा, भाऊजी. तुमच्या लेकराले दोन हाताचा बाप पायजे."

त्याची बायको दारातच उभी होती. ती त्याला तशी बंदूक नेऊ देईना. मग तो माझ्यावर चिडतच दोर घेऊन निघाला.

धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, मोहाच्या झाडाला त्यानं बंदूक आवळून बांधली. मला खोटं पाडायचं म्हणून नेहमीपेक्षा जास्त दारू ठासली. घोड्याला सुतळी बांधली आणि आम्ही नाल्यात उतरून बसलो. त्यानं सुतळी ओढली.

वर येऊन पाहिलं तर नळी मागच्या अंगाला लांब फाटली होती. नळीखाली डाव्या हातानं धरतात ते दस्त्याचं लाकूड फुटून गवतात पडलं होतं. दीर आपल्या डाव्या हाताकडं पाहत राहिला. मग दोर सोडायला लागला.

घरी सासूनं बंदूक मांडीवर घेतली. फाटलेल्या जागेवरून बोट फिरवलं.

"आता डुकरं?" तिनं विचारलं.

पिपा वाजवावा लागेल, मी म्हणाले. तिनं घासलेटचा रिकामा पिपा काढला, एक काठी घेतली आणि माझ्या आधी शेताची वाट धरली. ती एका धुऱ्यावर बसली, मी दुसऱ्या. जवारी निघेपर्यंत आम्ही तेच केलं. निम्मी डुकरांनी खाल्ली, निम्मी घरी आली.