नदीला भरती नसते

पप्पांनी होडी विकली तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. जाळ्यात मासा कमी आणि प्लास्टिक जास्त येऊ लागलं होतं. मग पप्पा किनाऱ्यावर बसून दुसऱ्यांची जाळी शिवायचे. आधी घरचे बोंबील विकणारी आई आता बंदरावरून परका मासा उचलून बाजारात बसायची. मी शिक्षण सोडायचं म्हटलं तर तिनं वाक्य पुरं करू दिलं नाही. आमच्या घराण्यातली मी पहिली ग्रॅज्युएट. हे मी अजूनही कुणी न विचारता सांगते.

पुढं कॅनडात नोकरी लागली, व्हिटबीत राहायला बेसमेंट मिळालं आणि २०१६ मध्ये आई-पप्पांना स्पॉन्सर करून आणलं. पप्पांना थंडीपेक्षा रिकामे हात जास्त बोचायचे. ग्रोसरीतला मासा ते ताटात बाजूला सारत. म्हणायचे, मी बसून खाणारा माणूस झालो. येत्या उन्हाळ्यात स्वतःच्या हातचा मासा घरात आणता आला नाही तर वसईला परत जाणार, असं त्यांनी आईला सांगून टाकलं. मला हे सांगताना आई रडली नाही, पण भांडी फार जोरात घासत होती.

मी मासे धरायची लायसन्स काढली, गळ घेतले. गाडीनं दीडेक तासावर एक नदी होती, तिथं वॉलाय नावाचा मासा मिळतो असं ऐकलं होतं. दिवस मात्र पप्पा निवडायचे, कॅलेंडरवरची तिथी बघून. आमच्याकडं मासा भरतीबरोबर येतो, नि तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पुनवेला भरती बाराच्या सुमारास. त्यामुळं पुनवेजवळच्या शनिवारी आम्ही ऐन दुपारी उन्हात नदीवर उभे. अवसेलाही तेच. मधले शनिवार भांगाचे, पाण्याला जोर नसायचा, म्हणून घरी. ग्रॅज्युएट झाले तरी मी त्याच घरातली. भरतीशिवाय मासा येतो हे माझ्याही डोक्यात आलं नाही.

जून गेला, जुलै गेला. गळाला शेवाळ लागायचं.

ऑगस्टमध्ये नदीजवळ गळाला लावायची गांडुळं विकणाऱ्या बाईनं सहज विचारलं, तुम्ही येता केव्हा? मी सांगितल्यावर ती हसली नाही. म्हणाली, वॉलायच्या डोळ्यांना ऊन सोसत नाही, दुपारी तो खोल तळाशी पडून असतो, संध्याकाळी खायला वर येतो. मी गांडुळांचा डबा घेऊन गाडीपाशी थांबले. ज्या हिशोबावर पप्पांनी आम्हाला वाढवलं तो इथं चालत नाही, हे बापाला कोणत्या तोंडानं सांगायचं?

शेवटी सरळच सांगितलं. "पप्पा, ह्या नदीला भरती नसते."

"नसते म्हणजे?"

"पाणी एकाच बाजूला जातं. पुनव असो नाहीतर अवस."

त्यांनी काठावरची एक काडी पाण्यात टाकून ती कुठं जाते ते बघितलं. मग म्हणाले, "मग बाय, इथल्या माशाला यायची वेळ कोण सांगतं?"

"ऊन. ऊन उतरलं की येतो."

काठावर चटई टाकून बसलेली आई म्हणाली, "दर्यावर जन्म काढला, नि इथं दोन महिने बाराचा मुहूर्त धरून बसलेत."

पप्पा हसले. नदीवर आल्यापासून पहिल्यांदा.

मग त्यांनी गळ गुंडाळला, आईनं आणलेली चपाती खाल्ली आणि काठाकाठानं फिरून आले. मोठ्या दगडांमागं पाणी जिथं संथ होतं ती जागा त्यांनी स्वतःच हेरली. सूर्य झाडांमागं गेल्यावर तिथं गळ टाकला. दोरी ताणली गेली तशी त्यांनी सवयीनं ती हातातच धरली. मी ओरडले, रीळ फिरवा. त्यांनी फिरवलं, पण डावा हात काही दोरीवरून काढला नाही.

मासा सोनेरी-हिरवा, डोळे काचेसारखे चमकणारे. "हा आपल्या खाडीतल्या जिताड्याचा भाऊ," पप्पा म्हणाले. मी पट्टी लावून लांबी बघितली, घरी न्यायच्या नियमात बसत होता.

रविवारी आईनं त्याचं आंबट कालवण केलं. पप्पांनी दोनदा भात घेतला. त्यांनी स्वतः धरलेला मासा आमच्या कॅनडातल्या घरात शिजला, आणि पप्पा इथंच राहिले.