मातीचा कॅन

आमच्या गावच्या कबड्डी संघाचा खरा पाठीराखा कोण, हे ठरवायची एक रीत होती. परगावी सामना असला की आपल्या मैदानावरची माती दूध संस्थेच्या एका पोचे आलेल्या जुन्या कॅनमध्ये भरून सोबत न्यायची. ज्याला गावाच्या बाजूला बसायचं असेल त्यानं त्यातली चिमूटभर कपाळाला लावून घ्यायची. एकदा लावली की सामना संपेपर्यंत जागा सोडायची नाही आणि दुसऱ्या संघासाठी टाळीसुद्धा वाजवायची नाही. रीत जुनी होती, पण ती कडक केली मी. मी आष्टी तालुक्यातल्या त्या गावात बदलून आलेला प्राथमिक शिक्षक. बाहेरून आलेल्या माणसाला आपण बाहेरचे नाही हे सारखं दाखवून द्यावं लागतं, आणि मी ते कबड्डीवर भागवत होतो.

कॅन वाहायचा मान मामांचा. मामा म्हणजे सगळ्या गावाचे मामा, दूध संस्थेत दोन्ही वेळचं दूध मोजून घेणारे. त्यांचा आवाज असा, की संस्थेच्या ओट्यावरून हाक मारली तर ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची बाई दुधाचं भांडं घेऊन निघायची. सामन्यात मात्र ते नुसते ओरडत नसत. समोरच्या चढाईपटूचं काय कच्चं आहे ते त्यांना पाच मिनिटांत कळायचं, आणि ते तिथूनच आमच्या पोरांना सांगायचे. कुणाचा हात धरायचा, कुणाची कंबर. आमची पोरं त्या आवाजावर डोळे झाकून उडी घ्यायची. संघाला प्रशिक्षक असा कुणी नव्हता, मामांचा घसा होता.

त्यांचा मुलगा आमचा सगळ्यात चांगला चढाईपटू. मामांनीच त्याला ओढ्याच्या कोरड्या पात्रात तयार केलेला. पण त्याचा खेळ सहकारी साखर कारखान्याच्या लोकांच्या डोळ्यांत भरला. त्यांनी त्याला वजनकाट्यावर हंगामी लावून घेतलं आणि आपल्या संघात खेळवलं. गावाला ते लागलं, मला जरा जास्तच. पारावर मी त्याला गद्दार म्हणालो. मामा तिथंच बसले होते.

"गुरुजी," ते शांतपणे म्हणाले, "माती कपाळाला लावायची आसती. पोटाला काय लावायचं?"

मी विषय बदलला.

ते दुष्काळाचं दुसरं वर्ष. रानात ऊसच नव्हता, तर कारखाना काय गाळणार? दोन महिन्यांतच धुराडं थंड होईल आणि हंगामीतली निम्मी माणसं घरी बसतील अशी बोलवा होती. तरी वर्धापनदिनाच्या कबड्डी स्पर्धा ठरल्याप्रमाणे झाल्या. आम्हाला तीन दिवसांआड टँकर, आणि तिथं मैदानावर पाणी मारलेलं. मी ते बघून दातओठ खाल्ले. स्पर्धेच्या पहिल्याच दिवशी अध्यक्षांनी भाषणात सांगून टाकलं, की कारखान्याच्या संघानं ढाल जिंकली तर संघातल्या हंगामी पोरांना कायम करू. अंतिम सामना लागला तो कारखाना आणि आमचं गाव यांच्यातच.

म्हणजे मामांच्या मुलाची नोकरी त्या एका सामन्यावर आली. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं.

सामन्याच्या दिवशी मामा कॅन घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीपाशी आले. सगळ्यांना माती लावून झाली तेव्हा हळूच मला म्हणाले, "मी येतो. पर आज माती न्हाई लावत. एका कडंला बसतो."

मी "बरं" म्हणायला हवं होतं. दोन अक्षरांचं काम होतं. त्याऐवजी मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "का मामा? इतकी वर्षं दुसऱ्यांना लावलीत, आज स्वतःच्या कपाळाला जड झाली?"

मामांनी माझ्याकडे बघितलं, वाकून कॅनमधली चिमूटभर माती घेतली आणि कपाळाला लावली. मला जिंकल्यासारखं वाटलं.

सामना अटीतटीचा झाला. मामा आमच्यात बसले, पण पूर्ण वेळ गुडघ्यांवर हात ठेवून गप्प. मी सामन्यापेक्षा त्यांच्यावरच जास्त लक्ष ठेवून होतो, चोरावर ठेवतात तसं. शेवटची चढाई उरली तेव्हा आम्ही एका गुणानं पुढं होतो. कारखान्याकडून मामांचा मुलगा आला. त्यानं आत शिरून आमच्या दोन गड्यांना हात लावला आणि तो वळला. मध्यरेषेला पोचला असता तर दोन गुण त्यांचे, ढाल त्यांची, आणि तो कायम.

वळताना त्याचा डावा पाय क्षणभर मागं राहायचा. ही खोड त्याला लहानपणापासूनची, आणि ती जगात एकाच माणसाला नीट माहीत होती, कारण ती मोडायला त्याच माणसानं जिवाचं रान केलं होतं.

"डावा! डावा पाय धर त्याचा, डावा!"

आमचा कोपऱ्यावरचा गडी दहा वर्षं त्या आवाजावर खेळलेला. कुणासाठी, कुणाविरुद्ध हे त्यानं बघितलंच नाही. त्यानं झेप घेऊन डावा घोटा धरला, बाकीचे वर पडले. मुलाचा हात रेषेपासून वीतभर मागं राहिला आणि शिट्टी झाली.

मामांनी ते ठरवून केलं असं मला वाटत नाही. मी त्यांच्या तोंडाकडेच बघत होतो. ओरडून झाल्यावर ते तसंच उघडं राहिलं, आणि त्यांनी आधी डावीकडं, मग उजवीकडं बघितलं, कुणी ओरडलं ते शोधत असल्यासारखं.

आमच्या लोकांनी गुलाल उधळत त्यांना खांद्यावर घेतलं. मी मोठ्यानं म्हणालो, "ह्याला म्हणतात पाठीराखा!" त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

गर्दी पांगल्यावर मुलगा गुडघे झटकत आम्हा दोघांपाशी आला. बापाला म्हणाला, "आबा, तुमी न्हाई वरडला आसता तरी धरलंच आसतं त्यानं." ते खरं नव्हतं. आम्हा तिघांनाही ते कळत होतं.

महिन्याभरात कारखाना बंद पडला आणि हंगामीतून कमी केलेल्यांत त्याचं नाव आलं. पुढं पाऊस बरा झाला, कारखाना पुन्हा सुरू व्हायचा होता, पण त्याला परत बोलावणं काही आलं नाही. दसऱ्यानंतर तो आणि त्याची बायको मुकादमाच्या टोळीबरोबर ट्रकमध्ये बसून ऊस तोडायला कर्नाटकात गेली.

त्या वर्षी स्पर्धा आल्या तेव्हा मामा येणार नाहीत असंच मी धरून चाललो होतो. ते आले. माती सगळ्यात आधी स्वतःला लावली, मग आम्हाला. सामना सुरू झाला तसं त्यांनी उपरण्याचं टोक तोंडात घेतलं आणि दातांखाली घट्ट धरलं. शेवटपर्यंत सोडलं नाही. आमची पोरं सवयीनं आमच्याकडं बघायची. मामांना सगळं दिसत होतं, त्यांचा जबडा हलत होता, पण आवाज नाही. "मामाला दातदुखी हाय का रं?" असं मागून कुणी म्हणालं आणि दोघंतिघं हसली. तरीही आम्ही जिंकलो.

मी त्यांच्याजवळ जाऊन म्हणालो, "मामा, आता तरी सोडा ते. जिंकलो आपण."

त्यांनी उपरणं तोंडातून काढलं. ओलं झालेलं टोक पिळून खांद्यावर टाकलं.

"गुरुजी," ते म्हणाले, "तुमी शिकलेली माणसं. नवराबायकोचा एक कोयता धरला, तर दिवसाला किती टन ऊस पडत आसंल वो?"

कुठल्या वर्षी, कुठल्या गावाविरुद्ध, किती गुणांनी जिंकलो ते मला तोंडपाठ होतं. माझ्या वर्गातली निम्मी पोरं दसरा झाला की आईबापांबरोबर तिकडंच जात होती.

"माहीत नाही," मी म्हणालो.